तीन व्याख्यानं आणि इदलिबचा भाऊ

मुंबईहून आले म्हटलं की आमच्या कऱ्हाडात पहिला प्रश्न येतो, समुद्र पाहिला का? नाही पाहिला. मी सगळे दिवस उपनगरांत होते, आणि तिथल्या माणसांनाही आपण समुद्रावर शेवटचे कधी गेलो होतो ते आठवावं लागतं. मी पाहिली ती सभागृहं, सभागृहांच्या मागच्या खोल्या आणि तिथे येणाऱ्या बटाटेवड्यांच्या बश्या. तरीही इतका लांबचा प्रवास मी आजवर केला नव्हता असं वाटतं, आणि म्हणूनच न गेलेल्यांसाठी हे लिहून ठेवते आहे.

निमित्त व्याख्यानांचं. मी कॉलेजात राज्यशास्त्र शिकवलं आणि निवृत्त झाले. नोकरी संपली, बोलण्याची खोड संपली नाही. मुलुंडच्या एका व्याख्यानमालेचे चिटणीस सावंत यांनी फोन केला, "बाई, विषय तुम्हीच द्या, पण जरा जगाचा द्या. गेल्या वर्षी तिन्ही वक्ते मधुमेहावर बोलले." मी सीरिया दिला. साध्या लोकांच्या उठावाचं दुसऱ्यांच्या पैशावर, दुसऱ्यांसाठी चालणारं लांबलचक युद्ध कसं होतं, हे मला सांगायचं होतं. सावंतांनी आणखी दोन ठिकाणच्या मित्रांना गाठलं आणि माझे तीन कार्यक्रम लावून टाकले.

मुलुंड

सावंतांचं घर पूर्वेला, चौथ्या मजल्यावर. वडील गिरणीत होते, गाव कणकवलीकडचं, स्वतः विम्याच्या कचेरीतून निवृत्त. मी पोचले तेव्हा ते गळ्याला मफलर गुंडाळून बसले होते आणि डोक्यावर पंखा चालू होता. जानेवारीत आमच्याकडे कृष्णेकाठी सकाळी नळाला हात लावला की बोटं बधिर होतात. मी मफलरकडे पाहतेय हे त्यांच्या लक्षात आलं.

"बाई, इथं थंडी वर्षातून आठ दिवस येते. तिचा मान नको ठेवायला?"

जेवायला तिसऱ्यांचं सुकं होतं. आम्ही घाटावरची माणसं, शिंपलीतलं काही खायचं म्हणजे आधी देवाचं नाव घेणार. मी पहिली तिसरी शिंपलीसकट चावली. सावंतवहिनी घाबरल्या आणि म्हणाल्या, "दात हलवून बघा हो, संध्याकाळी बोलायचंय." दात शाबूत होता. नंतर मी इतकं खाल्लं की शिंपल्यांचा ढीग लपवायला दुसरी ताटली मागावी लागली.

संध्याकाळी सभागृह बऱ्यापैकी भरलं. मी सुरुवातीपासून मांडलं. शाळकरी मुलांनी भिंतीवर सरकारविरुद्ध लिहिलं म्हणून त्यांना धरून नेलं. आईबाप मुलं परत मागायला रस्त्यावर आले. सरकारने गोळ्या घातल्या. मग अंत्ययात्रेचाच मोर्चा झाला आणि त्यावरही गोळ्या. पुढे सरकारच्या पाठीशी इराण आणि रशिया उभे राहिले, उठाववाल्यांच्या निरनिराळ्या गटांना तुर्कस्तान, आखातातले राजे आणि अमेरिका पोसू लागले, आणि ज्यांनी सुरुवात केली त्यांच्या हातात काही उरलं नाही. शेवटचं वाक्य मी घरून घासूनपुसून आणलं होतं: "उठाव करणारा माणूस स्वतंत्र म्हणून घराबाहेर पडतो आणि भाडोत्री म्हणून मरतो." टाळ्या पडल्या. खोटं कशाला सांगू, मला बरं वाटलं.

प्रश्न चिठ्ठीवर लिहून पाठवायचे, हा व्याख्यानमालांचा जुना शिरस्ता. पण पाचव्या रांगेतला एक उंच, गोरा, पस्तिशीचा माणूस उभाच राहिला.

"चिठ्ठी, चिठ्ठी पाठवा," सावंत व्यासपीठावरून म्हणाले.

"चिठ्ठी लिहायला लई येळ लागंल, तोंडानंच सांगतो," तो म्हणाला. "बाई, मी सीरियाचा हाय. इदलिबकडचा. तुमी आमच्या लोकांला..."

पुढचं कोणाला ऐकूच आलं नाही. परदेशी माणूस मराठी बोलतोय, तेही लातूरकडचं, म्हटल्यावर सभागृह आनंदाने वेडं झालं. मागून कोणी "वा वा" म्हणालं, टाळ्या सुरू झाल्या. त्याने दोनदा तोंड उघडलं, दोन्ही वेळा टाळ्यांचा जोर वाढला. पुढच्या रांगेतल्या एका काकूंनी वळून विचारलं, "पुरणपोळी आवडते का?" तो गोंधळून "व्हय" म्हणाला आणि खाली बसला.

नंतर मागच्या खोलीत तो आला, बरोबर बायको. तिचं नाव सुजाता, मुलुंडच्याच एका रक्ततपासणीच्या लॅबमध्ये नोकरीला. माहेर मूळचं लातूरकडचं. दोघांची ओळख पुण्यात शिकताना झाली, लग्न झालं, आता राहायला कांदिवलीला. त्याचं नाव युसूफ. मराठी सासूबाईंकडून शिकला. अंधेरीच्या एका दवाखान्यात अरब देशांतून येणाऱ्या पेशंटांचा दुभाष्या म्हणून काम करतो.

सुजाता सरळ भांडणाच्या तयारीत होती. "मॅडम, हा एवढी हिंमत करून उभा राहिला, आणि लोकांनी काय ऐकलं? त्याचं मराठी. तो काय बोलतोय ते नाही ऐकलं कोणी."

"काय बोलत होता?" मी विचारलं.

"तो भाडोत्री शब्द काढा, बाई," युसूफ म्हणाला. "माझा मोठा भाऊ हाय, खालिद. त्याला मी हाच शब्द फोनवर म्हणालो होतो. तवापासून तो माझ्याशी बोलला नाही."

हळूहळू सगळं कळलं. सीरियातलं ते सरकार पडलं होतं, आता युसूफच्या ओळखीचे लोक जगभरातून गावी परतायला लागले होते. त्यालाही उन्हाळ्यात सुजाता आणि आठ वर्षांच्या लेकराला, नूरला, घेऊन जायचं होतं. पण आईवडील गेले, घर थोरल्याचं. "त्यानं या म्हणल्याबिगर मी त्या दारात कसा जाऊ?" निरोप पाठवले तर खालिद ते वाचत होता, पण उत्तर देत नव्हता. आणि तिसरं व्याख्यान इंटरनेटवर थेट दिसणार होतं, म्हणजे तो शब्द खालिदपर्यंतही पोचू शकत होता.

मला शब्द काढायला सांगितलेलं आवडत नाही. तीस वर्षं पोरांच्या पेपरातले शब्द मी काढत आले आहे. "मी मोजून बोलते," मी तोऱ्यात म्हणाले.

"मग उद्या सकाळी बोरिवलीला भेटा," तो शांतपणे म्हणाला. "मी सगळं सांगतो. ऐकून ठेवायचा वाटला तर ठेवा."

बोरिवली

राष्ट्रीय उद्यानाच्या दाराशी मीठ-तिखट लावलेले आवळे आणि बोरं विकायला बसतात. आमच्याकडची बोरं बारीक आणि आंबट. इथली लिंबाएवढी, गोड, आणि चवीला यथातथा. आत गेलं की मुंबई एकदम संपते. झाडांखाली खरीखुरी थंडी होती. सावंतांच्या मफलरची मी मनातल्या मनात माफी मागितली.

सुजाताच्या आईने धपाटे बांधून दिले होते, बरोबर दही आणि एक हिरवट पूड. युसूफच्या गावाकडचं झातर, म्हणजे रानातला ओवा म्हणा, तीळ आणि आंबट काहीतरी. सासूबाई त्याला 'तुमची चटणी' म्हणतात. धपाट्याबरोबर ती झकास लागते. मी दुसऱ्या धपाट्याला हात घालणार तेवढ्यात एक माकड बाकावर आलं आणि पुडकं उचलून शांतपणे निघून गेलं.

"घेऊ द्या," युसूफ म्हणाला. "आपल्याला सांगायला येळ मिळाला."

त्याने जे सांगितलं ते मी पुस्तकांत वाचलं होतं, पण असं नाही.

खालिद इलेक्ट्रिशियन. गावात पहिला मोर्चा निघाला तेव्हा लग्नात वापरतात तो कर्णा त्याने टेम्पोवर बसवून दिला. मागण्या दोनच: पकडलेली पोरं सोडा आणि लाचखाऊ अधिकारी हटवा. सरकार पाडा असं पहिल्या दिवशी कोणी म्हणालंसुद्धा नव्हतं. तिसऱ्या मोर्चात गोळ्या सुटल्या आणि शेजारचा बेकरीवाला गेला. मग गावातल्या पाचसात जणांनी शिकारीच्या बंदुका काढल्या, मोर्चाच्या दोन्ही टोकांना उभं राहायला.

"एवढंच काम होतं त्यांचं. राखण," युसूफ म्हणाला. "पण बंदुकीला गोळी लागती. गोळी इकत घ्यावी लागती. गावात काम नाही, पैसा नाही. मग सरहद्दीपलीकडून एक माणूस आला. म्हणाला, पैसे देतो, तुमी व्हिडिओ काढा."

"कसला व्हिडिओ?"

"गोळ्या झाडायचा. त्यात आमच्या गटाचं नाव घ्यायचं. पैसे देणाऱ्याला त्याच्या देशात दाखवायला. मग दुसरा माणूस आला, तो जास्त देत होता, पण त्याला गटाचं नाव दुसरं पायजे होतं. मग नाव बदललं. शेजारच्या गावातल्या पोरांला सरकारकडून पगार सुरू झाला. त्यांच्या पगाराचा पैसा इराणातून. ती पोरं खालिदसंगं शाळेत होती, बाई."

तोवर युसूफ शिष्यवृत्तीवर पुण्यात आला होता. खालिदनेच पाठवलं होतं, एक तरी जिवंत राहू दे म्हणून. पुण्याच्या होस्टेलवर त्याने भावाचा व्हिडिओ पाहिला, नवीन नावाच्या झेंड्याखाली, आणि फोन करून तो शब्द वापरला.

मी शिक्षकी बाणा सोडला नाही. "पण पैसे घेतलेच ना त्यांनी?"

"घेतले. तुमच्या कऱ्हाडला पूर येतो म्हणालाव काल. पाणी छपराला लागल्यावर नाव आली, तर ती कुणाची हाय ते इचारून बसताव का?"

मी नकारार्थी मान हलवली.

"बसायलाच लागतं. पण एकदा बसलं की कुठं जायचं ते नाववाला ठरवतो. आमची माणसं हरायला लागली की इकडून पैसा यायचा. ती हरायला लागली की तिकडून बाँब टाकणारी इमानं यायची. कुणीच हरंना, म्हणून कुणीच थांबंना. आणि थांबायच्या बैठका कुठं? परदेशातल्या मोठमोठ्या हॉटेलांत. तिथं आमच्या गावचा एक बी माणूस नाही."

माझ्या व्याख्यानातला सगळा उत्तरार्ध त्याने चार वाक्यांत सांगून टाकला होता, आणि माझ्या व्याख्यानात नसलेली एक गोष्टही: नावेत बसणारा माणूस बुडत होता. मी शिकवताना नेहमी नाव कोणाची, वल्ही कोणाची हे सांगत आले. त्या सकाळी मला मनापासून वाईट वाटलं.

संध्याकाळी बोरिवलीच्या व्याख्यानात तो शब्द मी घेतला नाही. पण त्याच्या जागी काय म्हणायचं ते सुचलं नव्हतं. "मग दोष कोणाचा?" अशी चिठ्ठी आली आणि मी बराच वेळ गोल गोल फिरले. परतताना सावंत म्हणाले, "बाई, आज तुमची गाडी जरा घाटात अडकली." खरं बोललेलं माणसाला लगेच मानवत नाही.

घाटकोपर

घाटकोपरचं सभागृह सर्वांत मोठं, आणि बाहेर ढोकळा, उंधियू आणि वडे अशी सरमिसळ. मी ढोकळ्यावर होते तेवढ्यात सावंत धावत आले.

"बाई, वाट लागली. अध्यक्ष येत नाहीयेत. ताप आलाय त्यांना."

"मग अध्यक्षाशिवाय करू."

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी लग्न नवरदेवाशिवाय लावू म्हणाले होते. "मधली खुर्ची रिकामी ठेवून? आणि आणलेली शाल कोणाला द्यायची? समारोप कोण करणार?"

तेवढ्यात त्यांना पहिल्या रांगेत युसूफ दिसला. तो, सुजाता, नूर आणि सासूबाई असं सगळं कुटुंब आलं होतं. सावंतांनी त्याचा दंड धरला आणि तो नको नको म्हणत असताना मधल्या खुर्चीत आणून बसवला. मग माइकवर जाहीर केलं, "आजचे अध्यक्ष खास सीरियाहून आले आहेत." सासूबाई खालूनच म्हणाल्या, "कांदिवलीहून." हशा पिकला, शाल पडली, आणि कार्यक्रम सुरू झाला.

मी त्या दिवशी कमी बोलले. नावेची गोष्ट सांगितली, कोणाची आहे तेही सांगितलं, आणि बसले.

मग अध्यक्षीय समारोप. युसूफ उभा राहिला आणि "नमस्कार, जयभीम" म्हणाला. झालं, टाळ्या. तो पुढे बोलेना. तेव्हा सुजाता जागेवरून उठली आणि सभागृहाकडे वळून म्हणाली, "टाळ्या शेवटी वाजवा. आधी ऐका तो काय म्हणतोय."

टाळ्या वाजवणाऱ्यांनी हात मांडीवर घेतले.

"मी दुभाष्या हाय," युसूफ म्हणाला. "रोज दुसऱ्याचं बोलणं बोलतो. आज पहिल्यांदाच माझं बोलायलोय, तर चुका व्हतील." मग त्याने खालिदबद्दल सांगितलं. लग्नातला कर्णा सांगितला. घोषणा देताना खालिदने त्याला मोर्चाच्या मधोमध ठेवलं होतं आणि स्वतः कडेला चालत होता, गोळी आली तर आधी कडेला लागते म्हणून. "त्यानं मला बाहेर पाठवलं आणि स्वतः राहिला. मी पुण्याला दोन वेळ जेवत होतो आणि तिथनं त्याला नावं ठेवत होतो. जो निघून जातो त्याला असलं बोलायला सोपं जातं." आणि मग तो समोरच्या कॅमेऱ्याकडे बघून अरबीत दोन वाक्यं बोलला. ती कोणाला कळली नाहीत आणि सगळ्यांना कळली. तो बसला तरी कोणाला टाळ्या वाजवायचं सुचेना. मग पुरणपोळीवाल्या काकू, ज्या मुलुंडहून पुन्हा आल्या होत्या, पदराने डोळे पुसत उभ्या राहिल्या आणि सगळं सभागृह उभं राहिलं.

सुजाताने ते चित्रण तिथूनच खालिदला पाठवलं, बरोबर माझ्या त्या शब्दाची सगळी हकीकत युसूफकडून अरबीत लिहून घेऊन. आम्ही निघेपर्यंत त्याने ते पाहिल्याची खूण आली होती. उत्तर आलं नव्हतं. युसूफने फोन खिशात ठेवला आणि शाल घडी करून सासूबाईंच्या हातात दिली.

कांदिवली

रविवारी माझी परतीची गाडी संध्याकाळी होती, म्हणून जेवायला कांदिवलीला. दोन खोल्यांचं घर, भिंतीवर बुद्धाची तसबीर, शेजारी ऑलिव्हच्या झाडाचा फोटो. सासूबाईंनी बाजरीची भाकरी आणि येसराची, म्हणजे भाजलेल्या धान्याच्या मसालेदार पिठाची, आमटी केली होती, युसूफने मसूर आणि भात एकत्र शिजवून वर तळलेला कांदा घातला होता.

"अशी खिचडी आमी आजारी माणसाला देतो," सासूबाई म्हणाल्या.

"आमी पाहुण्याला देतो," युसूफ म्हणाला. मी दोन्ही बाजूंनी वाढून घेतलं.

ताटं उचलायच्या आधी फोन वाजला. युसूफने नाव पाहिलं आणि ते सुजाताला दाखवलं. सुजाताने पुढे होऊन फोन उचलला आणि पाण्याच्या तांब्याला टेकवून उभा केला.

पडद्यावर पांढरी दाढी, लोकरी टोपी, कानाला पेन्सिल. मागे भिंतीतून लोंबणाऱ्या तारा. खालिदने भावाकडे पाहिलं आणि काहीतरी विचारलं. युसूफने दवाखान्यातल्या सपाट आवाजात भाषांतर केलं, "तो इचारतोय, ती बाई कुठंय."

मी खुर्ची पुढे ओढली.

"तो इचारतोय, तुमच्या भाषणात मी भाडोत्री हाय का."

आयुष्यभर तोंडी परीक्षा घेतल्या, पण माझी अशी कोणी घेतली नव्हती. "पहिल्या दिवशी होतात," मी म्हणाले. "दुसऱ्या दिवशी काढलं."

"का काढलं म्हणायलाय."

"कारण घरातून निघालात तेव्हा तुम्हाला कोणी पैसे दिले नव्हते. कर्णा लग्नातला होता."

युसूफने ते सांगितलं. खालिद थोडं हसला, मग हसू पुसून टाकल्यासारखं गंभीर झाला आणि सलग बोलत राहिला. युसूफ तुकड्यातुकड्यांनी सांगत होता. "म्हणायलाय, पैसे घेतले तेबी सांगा, लपवू नका. ज्यांनी दिले त्यांची नावं जगाला ठाऊक हायत. आमी काय मागत होतो तेवढं कुणाला आठवत नाही. तेवढं सांगत जा." मग पुढे, "गावात सगळं नीट झालंय असं नाही. पण शाळेचं छप्पर घालायचंय, गावभर वीज आणायचीय. बाहेरचे लोक पुन्हा पैसे घेऊन आलेत. ह्या खेपंला आधी गाव बसलं. शेजारच्या गावातले ते पगारवाले पण आले. काय पायजे ते पहिलं ठरवलं, आणि मग पैसेवाल्याला आत बोलावलं."

राज्यशास्त्राच्या कुठल्याही पुस्तकात मला इतकं आशेचं वाक्य भेटलेलं नाही. मी तसं म्हणाले. खालिदने मान हलवली. मग त्याने टोपी काढून गुडघ्यावर ठेवली आणि थेट भावाकडे बघून हळू काही बोलला.

युसूफने भाषांतर केलं नाही. आम्ही सगळे त्याच्याकडे बघत होतो. त्याच्या डोळ्यांतून पाणी येत होतं.

"काय म्हणाला? सांग ना रे," सुजाता म्हणाली.

"म्हणायलाय," त्याने डोळे पुसले, "वरची खोली तुमची हाय. तिला अजून दार नाही. मेपर्यंत दार बसवतो. मग या."

सासूबाईंनी ओला हात पदराला पुसला, फोनसमोर येऊन बसल्या आणि पलीकडच्या माणसाला मराठी येतं की नाही याची काडीची पर्वा न करता म्हणाल्या, "दार नसलं तर नसू द्या. आमी घरनं पडदा घेऊन येतो."